खोटी लग्नं वाचणारी

वाक्य अगदी साधं होतं, चार शब्दांचं. 'तू गेलास तरी चालेल.' पण तिच्या तोंडून ते काही केल्या सरळ निघेना. पहिल्या खेपेला शेवटचा शब्द ओला झाला. तिनं चुटकी वाजवली आणि पुन्हा घेतलं. दुसऱ्या खेपेला तोच शब्द इतका कोरडा आला, की नायिका नवऱ्याला निरोप देते आहे की दारावर आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावते आहे तेच कळेना. पुन्हा चुटकी. तिसऱ्या खेपेला ती शांतपणे, स्पष्ट उच्चारात, उत्तम आवाजात म्हणाली, 'तू नाही आलीस तरी चालेल.' काचेपलीकडे रेकॉर्डिंगला बसलेल्या काकांनी हेडफोन एका कानावरून सरकवला, बटण दाबलं आणि विचारलं, "हे कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "घरचं आहे."

 काका सफरचंद खायला निघून गेले. ती वाचत असताना त्यांना काहीही खाता येत नसे, कारण त्या खोलीतला माइक इतका तिखट कानाचा होता की वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुरसुद्धा पुस्तकात जाऊन बसायची. म्हणून ती अडली की काका मनातून खूशच होत. ती मात्र त्या गाद्या लावलेल्या, कपाटाएवढ्या खोलीत तशीच बसून राहिली. तिचं काम लोकांना पुस्तकं वाचून दाखवायचं. लोक ती कानात घालून भांडी घासत, चालायला जात, झोपी जात. चुकलं की चुटकी वाजवायची, ही या कामातली रीत. पडद्यावर आवाजाची जी रेघ धावत असते ती चुटकीनं टुणकन उंच उडते, आणि कुठे चुकलं ते काकांना नंतर शोधत बसावं लागत नाही. चुटकी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. अडलं तिथून नाही, सुरुवातीपासून. इतक्या वर्षांत ही सवय तिच्या हाडीमासी खिळली होती. भाजीवाल्याकडे 'अर्धा किलो कांदे' म्हणायचं ते 'अर्धा किलो बटाटे' म्हणून गेली, की तिची बोटं आपोआप वाजायची आणि ती अदबीनं पुन्हा म्हणायची, 'अर्धा किलो कांदे.' भाजीवाल्याला ती जरा चक्रम वाटे, पण माप तो चांगलं देई. घरातही तेच. भांडता भांडता एखादा शब्द जास्त लागला, की चुटकी, आणि तेच वाक्य जरा मऊ करून. "हिचं बरं आहे," तिची नणंद म्हणायची, "आम्ही बोललेलं गिळतो, ही बोललेलं कापून टाकते." नवरा चुटकी कधी वाजवत नसे. त्याला वाक्यं दुरुस्त करायची वेळच येत नसे, कारण मुळात वाक्यंच कमी.

आणि जी होती त्यांतली निम्मी 'चालेल' या एका शब्दाची. भिंतीला पिवळा रंग देऊ? चालेल. चहा उरलाय, गार झालाय. चालेल. पण मंगळवारी तो चक्क लांबलचक वाक्य बोलला. तो चष्मे करणारा. डोळे तपासणं, काचा घासणं, काड्या वाकवून माणसाच्या कानावर बेताच्या बसवणं हे त्याचं काम. घरी आला की स्वतःचा चष्मा पुसायचा, आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की जास्त वेळ पुसायचा. त्या दिवशी तो इतका वेळ पुसत राहिला की तिनं गॅस बारीक केला. मग तो म्हणाला, डोंगरापलीकडच्या त्या लहान गावात एक जुनं दुकान आहे, मालक थकलेत, त्यांना दुकान चालवायला माणूस हवाय, पुढेमागे ते त्याच्याच हवाली करतील. जावंसं वाटतंय. आणि मग काचेवरची नसलेली धूळ फुंकून म्हणाला, "तू आलीस तर बरंच. नाही आलीस तरी चालेल."

तिनं गॅस पुन्हा मोठा केला. त्या क्षणी तिला राग आला नाही. राग यायला थोडा वेळ लागतो, आधी नुसतं गार वाटतं. चहाला चालेल, भिंतीला चालेल, आणि आपणही त्याच रांगेत, चहाच्या मागे उभ्या. त्याला आणखी काही विचारावं तर उत्तर ठरलेलं होतं. दोघांनी सूप प्यायलं. सूप चांगलं झालं होतं, याचाही तिला राग आला.

गंमत अशी, की गेली काही वर्षं तिच्या वाट्याला सगळी खोट्या लग्नांचीच पुस्तकं येत होती. लोक त्यांवर तुटून पडत. कुणी आजोबांच्या समाधानासाठी नवरा भाड्यानं आणे, कुणी नोकरी टिकावी म्हणून बायको, कुणी आधीच्या प्रियकराच्या नाकावर टिच्चून त्याच्या लग्नात मिरवता यावं म्हणून. अटी ठरत: हात धरायचा तो चारचौघांत, एरवी नाही; एकमेकांच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही; आणि प्रेमात पडायचं नाही, ही अट तर पहिल्याच प्रकरणात, ठळक अक्षरात, म्हणजे पुढे काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळावं. मग दोघं कुठल्याशा हॉटेलात पोचत, तिथे खोली एकच उरलेली असे, आणि खोलीत पलंग एकच. जगभरच्या हॉटेलांत पलंगांचा इतका तुटवडा कसा, हे कोडं तिला आणि काकांना मिळून कधी सुटलं नाही. सध्याच्या पुस्तकात नायक व्हायोलिन बनवणारा होता आणि नायिका मांजरांची डॉक्टर. त्याला जी कार्यशाळा हवी होती तिची म्हातारी मालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देई, कारण एकटी माणसं भिंतींना खिळे फार मारतात असा तिचा अनुभव होता. आता पुस्तक संपत आलं होतं, करार संपला होता, मांजरांची डॉक्टर दारात उभी होती, आणि तिला म्हणायचं होतं, तू गेलास तरी चालेल. सोमवारपर्यंत ते वाक्य रेकॉर्ड व्हायला हवं होतं. उरलेलं सगळं पुस्तक झालं होतं, एक वाक्य तेवढं अडून बसलं होतं.

"ही पुस्तकं ऐकतं कोण, माहीत आहे का?" सफरचंद संपवून आलेले काका म्हणाले. "एकटी माणसं नाही ऐकत. एकट्यांना खरी लग्नं हवी असतात. खोटी लग्नं ऐकतात ती लग्न झालेली माणसं." काकांचं लग्न झालेलं होतं की नाही हे तिला नक्की माहीत नव्हतं, आणि विचारायला तो दिवस बरा नव्हता. पण नणंदेच्या बाबतीत काकांचं म्हणणं अगदी खरं होतं. नणंदेच्या लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, नवरा स्वभावानं गरीब, आणि बाई इस्त्री करताना एकामागून एक खोटी लग्नं ऐकत असत, तीही भावजयीच्या आवाजात. शनिवारी ती नणंदेकडे गेली तेव्हा वाफेनं स्वयंपाकघर भरलं होतं आणि नणंद नवऱ्याच्या शर्टाची कॉलर दाबत होती. एका कानातली तार काढून ती म्हणाली, "थांब हं, आत्ता आजीबाई अचानक राहायला आल्यात, दोघांना एका खोलीत झोपावं लागणार."

"मीच वाचलंय ते, वन्सं. झोपतात."

"सांगू नकोस गं पुढचं." नणंदेनं इस्त्री उभी केली. "तुला सांगू, मला यात काय आवडतं? ते एकच पलंग वगैरे नाही. ती तालीम असते ना, लोकांसमोर जायच्या आधी दोघं एकमेकांना पाठ करतात. तुला काय आवडतं, तू कुठल्या कुशीवर झोपतेस, तुला कशाची भीती वाटते. कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे म्हणून. आता आमच्याकडे बघ. ह्यांना कुणी विचारलं, बायको कुठल्या कुशीवर झोपते, तर हे म्हणतील, घोरत नाही एवढं नक्की. आणि मी घोरते." ती खळखळून हसली आणि कॉलर उलटी केली. "खऱ्या लग्नात बाई पहिल्या वर्षी पास झाली की परीक्षा बंद. खोट्यात रोज परीक्षा."

ती यावर हसली, पण ते वाक्य घरी येताना तिच्याबरोबर बसमध्ये चढलं आणि शेजारी बसलं. परीक्षा. तिला ते चष्म्यांचं दुकान आठवलं, जिथं ती पहिल्यांदा डोळे तपासायला गेली होती. तेव्हा ती नाटकात लहानसहान कामं करी आणि तिला शेवटच्या रांगेतले चेहरे दिसेनासे झाले होते. तिथल्या किडकिडीत तरुणानं तिच्या नाकावर जडशी चौकट ठेवली आणि तिच्यात एकेक काच सरकवत विचारायला सुरुवात केली: पहिलं बरं की दुसरं? आता? आणि आता? घरी पाच भावंडं. तिथे काय हवं ते विचारायची पद्धत नव्हती, पुढ्यात येईल ते खायचं. आणि इथे एक माणूस तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, श्वास रोखून, तिची पसंती विचारत होता. ती सांगेल तसं ऐकत होता, आणि पुन्हा विचारत होता. तिला तिसऱ्याच काचेत स्वच्छ दिसलं होतं. पण ती म्हणत राहिली, नक्की सांगता येत नाही, परत पहिलं दाखवा. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली. त्यानं परत पहिलं दाखवलं, परत दुसरं, परत पहिलं. तिला वाटलं, हा माणूस जन्मभर असंच विचारत राहिला तर काय बहार येईल. मग लग्न झालं, आणि त्यानं विचारणं थांबवलं. लगेच नाही, पण थांबवलं. नेमकं कधी, ते तिला आठवेना, आणि आठवेना म्हणून बसमध्ये तिला जरा अस्वस्थ वाटलं, घरून निघताना गॅस बंद केला की नाही ते आठवू नये तसं.

घरी तो चष्मा पुसत बसला होता. म्हणजे आणखी काहीतरी होतं. "उद्या जेवायला बोलावलंय," तो म्हणाला. "दुकानाच्या मालकांनी. दुपारी. जोडीनं या म्हणालेत." मग आणखी पुसून, "त्यांचं असं आहे की, एकटी माणसं तिथं टिकत नाहीत, दर आठवड्याला गाडी पकडून घरी पळतात. म्हणून त्यांना कुटुंबवाला माणूस हवाय. मी सांगून बसलोय की आपण दोघं येतोय. सोमवारी पक्कं कळवायचंय. तर उद्याच्या दिवस तेवढं... आपलं ठरलंय असं दाखवायचं. पुढचं पुढे बघू."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. भिंतींना खिळे मारणाऱ्या एकट्या माणसांना जागा नाकारणारी पुस्तकातली मालकीण तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि मग मात्र तिला हसू आवरेना. ती खुर्चीवर बसून हसली. तो घाबरला. "म्हणजे मी," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या बायकोचं काम करायचं?"

"एका दुपारपुरतं," तो ओशाळून म्हणाला.

"अटी काय?"

"कसल्या अटी?"

"असतात," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं. तू ती पुस्तकं ऐकत नाहीस." पण ती गोष्ट नुसती गमतीची नव्हती. त्याला उद्या बायको लागणार होती. परवा लागेलच असं नव्हतं. सोमवारी तो हो म्हणणार, आणि मग डोंगरापलीकडे तो एक आणि इकडे ती एक, आणि दोघांपैकी कुणीही भांडलेलं नसेल, कुणीही कुणाला सोडलेलं नसेल, फक्त दोघांनी चालवून घेतलेलं असेल. तिला जायचं होतं का? होतं. तिला ते त्याच क्षणी कळलं, आणि त्याची तिला चीडही आली. तिला त्याच्याबरोबर डोंगरापलीकडेच काय, आणखी कुठेही जायचं होतं. फक्त चहाच्या मागे रांगेत उभं राहून नाही.

रविवारी दोघं बसनं निघाली. बस घाट चढत होती आणि तो तालीम करत होता. कधी ठरलं म्हणायचं? गेल्या महिन्यात. आधी कोण म्हणालं? तू म्हणालास असं सांग, ती म्हणाली, ते बरं दिसतं. तुझ्या कामाचं काय सांगायचं? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते माझ्यावर सोड." त्यानं नवा शर्ट घातला होता आणि घडीची रेघ छातीवर तशीच होती. तिला ती हातानं मोडावीशी वाटली, पण आज हात लावायचा तो चारचौघांत, असं तिनं मनात म्हटलं आणि हात मांडीवरच ठेवला. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणते, घरी 'तू'. आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की एक छोटंसं नाटक तर ती इतकी वर्षं रोजच करत आली आहे.

मालकांचं घर दुकानाच्या वरच होतं. पांढऱ्या भिंती, लाकडी जिना, टेबलावर निळे काठ असलेल्या बश्या. मालक मितभाषी, आजवर इतके डोळे तपासलेले, की समोरच्याकडे बघताना आपोआप त्याच्या बुबुळाकडे बघत. मालकीणबाई मात्र जितक्या गोल तितक्या बोलक्या. पाव कापता कापता त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. "पण तुम्ही कशा काय तयार झालात हो, बाई? तिकडे तुमचं एवढं काम, माणसं. ह्यांनी मला इथं आणायला तीन वर्षं मनधरणी केली होती. तुमच्या मिस्टरांनी कशी केली?"

तिनं पाण्याचा घोट घेतला. आवाज लावला. एक सुंदर, घरगुती, हसतमुख खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात तो बोलू लागला.

"मी हिच्यासमोर बसलो," तो म्हणाला, "आणि म्हटलं, तू ये." चष्मा त्याच्या नाकावरच होता. हातात सुरी होती आणि ती त्यानं खाली ठेवली. "ती म्हणाली, माझ्या कामाला शांत खोली लागते. मी म्हटलं, बघून ठेवली आहे. इथे दुकानामागच्या घरात, माळ्यावर. रस्त्याची बाजू नाही. मी गेल्या खेपेला तिथे जमिनीवर बसून ऐकत राहिलो होतो, कुत्रं भुंकतं का, पंप चालू होतो का. एक कबुतर आहे फक्त. भिंतींना जुन्या रजया लावल्या की तेही ऐकू येणार नाही. मग मी तिला म्हटलं, तू नाही आलीस तर मी सकाळी उठणार कसा? माझ्याकडे गजराचं घड्याळ नाही. ही सकाळी आंघोळ करताना आवाज मोकळा करते, एकेक अक्षर, आधी ओठांची, मग टाळूची. ही टाळूवर आली की मी उठतो." मालक हसले. "आणि म्हटलं, दिवसभर मी लोकांना विचारतो, हे बरं की ते बरं. लोक सांगतात आणि जातात. संध्याकाळी घरी कुणी नसलं तर मला स्वतःला काय बरं वाटतं तेच कळणार नाही. मी लोकांना चुकीचे नंबर काढून देईन. तुमच्या दुकानाचं नाव जाईल." आता मालकीणबाईही हसल्या, आणि त्यानं हसू ओसरू दिलं. "असं बरंच काय काय म्हटलं," तो म्हणाला. "मग ती हो म्हणाली."

तिनं पुन्हा पाणी प्यायलं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. यातलं एक अक्षरही तो तिला कधी बोलला नव्हता. हे सगळं खोटं होतं. पण माळा होता. कबुतर होतं. आधी ओठांची, मग टाळूची, हे तर काकांनासुद्धा माहीत नव्हतं. मालकीणबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "असा बोलणारा नवरा मिळाला म्हणजे भाग्यच हो," आणि ती आपल्या सर्वोत्तम आवाजात म्हणाली, "अहो, घरी तर हे थांबतच नाहीत." टेबलाखाली त्यानं तिचा हात धरला. हे चारचौघांतच होतं, पण टेबलाखाली ते कुणाला दिसत नव्हतं. अटींमध्ये हे बसतं की नाही, याचा ती जेवण संपेपर्यंत विचार करत राहिली, आणि सूप कसलं होतं ते तिला नंतर आठवलं नाही.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावरच्या बाकड्यावर ऊन आलं होतं आणि शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होती. त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसला.

"इतकं छान खोटं बोलायला कुठे शिकलास?" तिनं विचारलं. तिला ते हसत विचारायचं होतं, पण ते तसं आलं नाही.

"खोटं नव्हतं ते," तो म्हणाला. "तुला विचारलं, एवढंच खोटं होतं. बाकीचं... खोटं सांगायचंच होतं, तर म्हटलं त्यात भरून टाकू. एरवी नसतं जमलं."

"मग मला का नाही विचारलंस? नाही आलीस तरी चालेल, हे कुठून आलं?"

तो रस्त्याकडे बघू लागला. बिनचष्म्याचा त्याला रस्ता दिसत नव्हता हे तिला माहीत होतं. "मागे एकदा विचारलं होतं ना," तो म्हणाला. "आईच्या आजारपणात. तुझी नाटक मंडळी दौऱ्यावर निघाली होती, आणि मी म्हटलं, थांबशील का. तू थांबलीस. मग तू ती गोष्ट सगळ्यांना सांगतेस ना, नाटक करून. ह्यानं मागितलं म्हणून थांबले, नाहीतर आज कुठल्या कुठे असते." त्यानं तिची नक्कल अगदी वाईट केली. "सगळे हसतात. मीही हसतो. चांगली सांगतेस तू. पण म्हटलं, पुन्हा काही मागायला नको."

ती गोष्ट तिनं नणंदेकडे सांगितली होती, काकांना सांगितली होती, घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितली होती. हातवारे करून, शेवटच्या वाक्याला भुवई उंचावून. ते वाक्य हमखास टाळी घेई, म्हणून तिनं ते ठेवलं होतं, आणि खरं आहे का ते कधी तपासलंच नव्हतं. कुठे थांबवलं त्यानं विचारणं, ते आता तिला स्वच्छ दिसलं. आयुष्यभर कांदे-बटाट्यांवर चुटक्या वाजवत आली, आणि हे एक वाक्य तसंच पुढे गेलं होतं, दर खेपेला जरा जास्त रंगवून.

तिनं चुटकी वाजवली. पेंगणाऱ्या बाईनं डोळे उघडले. "मला थांबायचं होतं म्हणून थांबले," ती म्हणाली. "तू मागितलंस ते मला आवडलं होतं. फार आवडलं होतं. पण त्यावर कुणी हसलं नसतं."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग अंगठा आणि मधलं बोट जुळवून त्यानंही चुटकी वाजवायचा प्रयत्न केला. आवाजच आला नाही. पुन्हा केला, नुसतं कातडं कातड्यावर घासलं. आयुष्यभर काचा घासलेली ती बोटं पार गुळगुळीत झाली होती.

"रेघ उडाली नाही," ती म्हणाली.

म्हणून त्यानं टाळी वाजवली. मोठी, भर रस्त्यात, एकच. समोरच्या गच्चीवरचं कबुतर उडालं, आणि ती बाई आता पुरती जागी होऊन पिशवीसकट त्यांच्याकडे वळून बसली.

"सुरुवातीपासून," ती म्हणाली.

"तू ये," तो म्हणाला.

ते फार हळू आलं. काचेपलीकडे काका असते तर त्यांनी मान हलवली असती. ती वाट बघत राहिली. तो घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "तू नाही आलीस तर नाही चालणार मला." आणि मग, आणखी काही उरलंय का ते आठवू लागला. तिला एकाएकी मांजरांच्या डॉक्टरणीची दया आली, आणि उद्या ते अडलेलं वाक्य कसं वाचायचं तेही कळलं. ओलं नाही, कोरडं नाही; समोरच्यानं आपलं म्हणणं ताबडतोब खोडून काढावं म्हणून माणूस बोलतो, तसं.

"रजयांनी भागत नाही," ती म्हणाली. "भिंतींना गाद्या लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे गाद्या घ्याव्या लागतील. आणि कबुतराचं काहीतरी करावं लागेल."

हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर पसरत गेलेलं तिनं वीतभर अंतरावरून पाहिलं. तिनं त्याच्या शर्टावरची घडीची रेघ हातानं सपाट केली. बस आली, दार उघडलं. पिशवीवाली बाई उठली, यांच्याकडे बघत नाइलाजानं चढली, आणि बस निघून गेली. पुढची यायला अवकाश होता.

"पहिलं बरं होतं की दुसरं?" त्यानं विचारलं. सवयीनंच विचारलं, विचारून झाल्यावर त्याच्याही ध्यानात आलं आणि तो जरा लाजला.

तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. रस्ता, गच्ची, परतून येऊन बसलेलं कबुतर, त्याच्या काचेवरचा बोटाचा पुसट ठसा, सगळं.

"नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली. "परत पहिलं दाखव."